ओमची सुट्टी आणि बहात्तर साल

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

ओमची शाळा सुटली, पण अभ्यास काही सुटला नाही. इकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत एखादी जुनी गाजलेली कादंबरी वाचून यायला सांगतात. यंदा त्याच्या वाट्याला जॉन स्टाइनबेकची 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' आली. १९३९ सालची, चांगली जाडजूड. जूनभर टेबलावर लोळत होती. शेवटी म्हटलं, रात्री जेवणं झाली की दोघं मिळून वाचू.

पहिल्या प्रकरणात कुणाचं नावसुद्धा नाही, बाबा. नुसती धूळ. ओक्लाहोमात पाऊस नाही, मका करपलाय, वारा सुटला की भरदिवसा अंधारून येतं. दारं-खिडक्यांच्या फटींत कापडं कोंबूनही खुर्च्या-टेबलांवर थर बसतो. ओम वैतागला, "यात कुणी येणार आहे की नाही?" मग धूळ खाली बसते, बाप्ये कुंपणाशी येऊन मेलेल्या मक्याकडे बघत उभे राहतात, आणि बायका त्यांच्या तोंडाकडे बघतात, गडी खचतोय की काय म्हणून. पीक गेलं तरी चालेल, पण हा उभा राहिला पाहिजे.

तुम्ही सांगायचात ना, बहात्तरच्या दुष्काळात आजोबा बैलजोडी विकून आले, तेव्हा आजीनं पैशांकडे पाहिलंच नाही, आधी त्यांचं तोंड पाहिलं. ते मी ओमला सांगितलं. त्यानं मोबाइल खाली ठेवला. (हे किती मोठं, ते आईला कळेल!)

पुढे एक अख्खं प्रकरण रस्ता ओलांडणाऱ्या कासवावर आहे. मला जांभया येत होत्या, त्याला मात्र तेच आवडलं. ट्रॅक्टरचं प्रकरण दोघांनाही लागलं. कुळाचं घर पाडायला ट्रॅक्टर येतो, चालवणारा ओळखीतल्याच माणसाचा पोरगा, दिवसाला तीन डॉलरवर. कूळ म्हणतं, गोळी घालू तरी कुणाला? मालकाच्या मागे बँक, बँकेच्या मागे आणखी कुणी. ओम विचारतो, "आजोबांची जमीन का नाही गेली?" मी म्हटलं, आपली स्वतःची होती, आणि पोटापुरतं सरकारचं दुष्काळी काम, म्हणजे रोजंदारीवर खडी फोडणं, तलाव खोदणं, होतं. मग पठ्ठ्यानं स्वतःच शोधलं, मे १९७३मध्ये महाराष्ट्रात जवळजवळ ५० लाख माणसं त्या कामांवर होती. त्याला ते खरंच वाटेना.

आता त्याचे प्रश्न माझ्या आवाक्याबाहेर गेलेत. खडी फोडायची म्हणजे ढिगाचं माप कसं घ्यायचं? मजुरीचा हप्ता किती मिळायचा? कामावर खायला वाटायचे ती सुकडी गोड असायची का? मिलोची, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या ज्वारीची, भाकरी खरंच लाल व्हायची का? रविवारी ओम फोन करतो. बाबा, "जाऊ दे रे, जुन्या गोष्टी" म्हणून टाळू नका. पाझर तलावावरच्या मुकादमाचंही सांगा, शिव्यांसकट. त्याला मराठी शिव्या येतच नाहीत.

आई, बीपीची गोळी चुकवू नकोस.

तुमची,
सुमा