बिऱ्हाड न हलवणारी नाटक कंपनी

मेडफर्ड, ऑरेगन

ती. बाबांस, शि. सा. नमस्कार.

आईला फोनवर थोडं सांगितलं होतं, तुम्हाला सविस्तर लिहिते. परवाच्या शनिवारी शेजारच्या ॲशलंडला एका दिवसात दोन नाटकं पाहिली. दुपारी राजा होऊन सगळ्यांना दरडावणारा नट रात्री दुसऱ्या थिएटरात दाराशी भाला धरून उभा! वाक्यं मोजून चार.

ऑरेगन शेक्सपिअर फेस्टिव्हल म्हणतात ती नाटक कंपनी हीच. गाव वीस-एकवीस हजार वस्तीचं आणि यांची थिएटरं तीन. नटांना नाईट, म्हणजे दर प्रयोगाचे पैसे, नसते. सीझनचा करार आणि आठवड्याचा पगार. एकेकाच्या वाट्याला दोन-तीन नाटकं, शिवाय दुसऱ्या कुणाची तरी भूमिका पाठ करून ठेवायची, म्हणजे कुणी आजारी पडलं तरी प्रयोग रद्द होत नाही. पुढच्या वर्षी बोलावतीलच अशी हमी मात्र नाही.

तुमची नजर कुठे गेली असती ते मला ठाऊक आहे. दुपारचा प्रयोग संपला की सेट बदलणारी मंडळी आत शिरतात आणि त्याच रंगमंचावर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या नाटकाचा सेट उभा! तुम्ही दादरला सेट उतरवायचात, टेम्पोत भरायचात आणि चिंचवड येईपर्यंत सेटच्या त्याच फ्लॅटना, त्या उभ्या फळ्यांना, टेकून झोपायचात. इथे टेम्पोच नाही. कंपनी जागची हलत नाही, प्रेक्षकच पोर्टलंडहून साडेचार तास गाडी चालवत येतात.

सुरुवातीची गोष्ट तर तुम्हाला फारच आवडेल. 1935 साली अँगस बाउमर नावाच्या इथल्याच एका मास्तरांनी दोन नाटकं बसवली. नाटक बुडणार असं गावकारभाऱ्यांनी धरूनच ठेवलेलं, म्हणून तूट भरायला दिवसा त्याच रंगमंचावर मुष्टियुद्धं ठेवली. झालं उलटंच. मुष्टियुद्धं तोट्यात गेली आणि तो खड्डा शेक्सपिअरने भरला!

सगळं गोड नाही हो. बाराशेच्या आसपास खुर्च्यांचं मोठं थिएटर उघड्यावर आहे. 2018च्या उन्हाळ्यात वणव्यांच्या धुराने तिथले कितीतरी प्रयोग रद्द झाले, काही गावातल्या हायस्कूलच्या सभागृहात हलवले. अशा वेळी तुमच्यासारखी माणसं असती तर बरं झालं असतं.

एक विचारायचंय. दिवाणखान्याचा पूर्ण सेट उतरवून टेम्पोत भरायला तुम्हाला किती वेळ लागायचा? मी यांना पाऊण तास सांगितलंय आणि पैज लावलीय. रविवारच्या फोनवर सांगा.

तुमची,
मनी