स्ट्रिप वाइंडिंग मशीनवर वरच्या थरांत पट्टी ताणली जाण्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सेवा विभाग

महोदय,

आपल्या स्ट्रिप वाइंडिंग मशीनवर (टायरवर रबराची पट्टी गुंडाळणाऱ्या यंत्रावर) आम्ही २३.५-२५ मापाच्या लोडर टायरांचे रिट्रेडिंग करतो, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवे रबर चढवतो. क्युअरिंगनंतर (उष्णतेने रबर पक्के केल्यावर) क्राऊनच्या, म्हणजे टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागाच्या, वरच्या थरांत फुगे सापडतात. हातोडीने ठोकले की तिथेच पोकळ आवाज येतो. आपल्या इंजिनिअरांनी दोन्ही भेटींत कंपाउंडमधल्या (कच्च्या रबराच्या मिश्रणातल्या) ओलाव्याला दोष दिला. हे निदान आम्हाला मान्य नाही. ओलावा असता तर खालच्या थरांतही बारीक छिद्रे दिसली असती. शिवाय त्याच बॅचच्या रबराची कॅलेंडर शीट (रोलरांत दाबून केलेली सपाट शीट) काढून दुसऱ्या केसिंगवर (जुन्या टायरच्या सांगाड्यावर) हाताने चढवली आणि त्याच चेंबरमध्ये क्युअर केली. तिच्यात एकही फुगा नाही.

दोष वेगाच्या जुळणीत आहे. बफिंग केलेल्या (जुने रबर घासून काढलेल्या) केसिंगचा व्यास १५०० मिमी असतो, रबर चढून तो १६२० होतो. मशीन मात्र शेवटपर्यंत ८ आरपीएमवरच फिरते. म्हणजे पृष्ठभागाचा वेग मिनिटाला सुमारे ३७.७ मीटरवरून ४०.७ वर जातो, ८ टक्के वाढतो. एक्स्ट्रूडरने (रबराची पट्टी काढणाऱ्या यंत्राने) तेवढी पट्टी जास्त द्यायला हवी, पण डान्सर रोलरच्या (पट्टीच्या ताणानुसार वरखाली होणाऱ्या रोलरच्या) सिग्नलवर मिळणारी दुरुस्ती ±३ टक्क्यांवर अडवलेली आहे. त्यामुळे डान्सर वरच्या स्टॉपला जाऊन टेकतो आणि उरलेली लांबी पट्टी ताणूनच भरून निघते.

पडताळणीसाठी डान्सरच्या आधी पट्टीवर खडूने ५०० मिमी अंतरावर खुणा केल्या. टायरवर पहिल्या थरात हे अंतर ५०२ भरले, शेवटच्या थरात ५२६. ही पट्टी ४० मिमी रुंद, २.५ मिमी जाड आहे आणि पिच (दर फेऱ्याला पट्टी बाजूला सरकण्याचे अंतर) ३६ ठेवला आहे, म्हणजे ४ मिमी ओव्हरलॅप. ताणामुळे रुंदी ३९ वर येते, ओव्हरलॅप ३ मिमी उरतो. त्यात ट्रॅव्हर्सचा (पट्टी आडवी सरकवणारा) गाडा २ मिमी इकडेतिकडे सरकतो, त्याचा स्क्रूही ढिला आहे. मग कडा जेमतेम टेकते, खाली हवा अडकते. ताणलेली पट्टी आखडतानाही कडा उचलते. स्टिचर रोलरचा (पट्टी दाबून चिकटवणाऱ्या रोलरचा) दाब २ वरून ३ बार केला तरी फरक पडला नाही.

सुधारणा कशी करावी याबद्दल आमचे ठाम मत आहे. एक्स्ट्रूडरचे आरपीएम वाढवू नयेत, त्याने रबराचे तापमान आणि पट्टीचे माप दोन्ही हलते. प्रत्येक थरानंतर व्यास धरून केसिंगचेच फिरणे मंद करावे, म्हणजे पृष्ठभागाचा वेग एकसारखा राहील. हा बदल पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या नियंत्रक संगणकाच्या) प्रोग्राममध्ये होतो, पण त्याला आपला पासवर्ड आहे.

तरी १५ दिवसांत प्रोग्राम बदलून द्यावा, ट्रॅव्हर्स स्क्रू वॉरंटीत बदलावा आणि नाकारलेल्या २ टायरांचे रबर व क्युअरिंगचा खर्च भरून द्यावा. खुणांचे फोटो आणि कापलेले नमुने तयार आहेत. पुढच्या भेटीला ड्राइव्ह आणि पीएलसी जाणणारा माणूस पाठवावा.

आपला विश्वासू,
उत्पादन विभागप्रमुख