निशाणी नांगर

सोलापूर

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

कालचा कार्यक्रम झाला. तू हवा होतास रे.

भुईकोटात जमलो. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज सेनानी मन्रोची फौज आली, पेठ पडली, पाठोपाठ किल्ला गेला, हे दहा मिनिटांत सांगून झालं. त्यानंतरची पन्नास-साठ वर्षं माणसं जगली कशी, ते बोलू या, असा हट्ट मी आधीच धरला होता. म्हणून लोकांना घरचे मोडी कागद आणायला सांगितले होते.

माढ्याकडचे एक आजोबा धोतराच्या फडक्यात कर्जरोखा बांधून आले. शके १७७५, रुपये ४०, व्याज दरमहा शेकडा दोन. खाली सही नाही. ‘निशाणी नांगर’ असे शब्द आणि शेजारी बोरूनं काढलेला बोटाच्या पेराएवढा नांगर. तोही बहुधा रोखा लिहिणाऱ्यानंच काढलेला! आजोबा कितीतरी वेळ त्यावर बोट ठेवून बसले होते.

पूर्वी असा तंटा गावच्या पंचायतीपुढे यायचा. कुणाचं पीक बुडालं, कुणी किती फेडलं, हे पंचांना डोळ्यांनी ठाऊक असायचं. इंग्रजांचे १८२७ चे कायदे आले, पंचायत मागे पडली आणि अदालतीत कागद तेवढा खरा ठरू लागला. त्यात शेतसारा रोखीत भरायचा. शेजारच्या इंदापुरात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्यानं ठरवलेला सारा इतका जड गेला की रानं पडीक पडली; १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी तो उतरवला. हप्ता आला की कुणबी सावकाराच्या ओट्यावर. १८७५ मध्ये पुण्याकडच्या सुप्याच्या बाजारात लोकांनी रोखेच हिसकावून जाळले, ते काय उगाच? १८७९ च्या कायद्यानं रोख्यामागचा खरा व्यवहार तपासायची मुभा कोर्टाला दिली, आणि त्यात आपला जिल्हाही होता.

आमच्या खापरपणजोबांची सावकारी तुला माहीतच आहे. माझ्या पिशवीतही तसेच अकरा रोखे होते. काढू की नको, असं झालं. शेवटी आजोबांच्या रोख्याशेजारी मांडले. त्यांनी एकेक उचलून पाहिला आणि म्हणाले, “ह्यो नांगर आमच्यावानीच हाय की.” मला पुढं बोलवेना.

पुढच्या महिन्यात पुन्हा बसतोय, या खेपेला साळी-कोष्ट्यांच्या घरचे कागद घेऊन. तुझ्या माळ्यावरची पत्र्याची पेटी उघड. वाळवी लागायच्या आत घेऊन ये.

काकूंना नमस्कार.

तुझा,
वसंता