अण्णांची डिस्क

सोलापूर

प्रिय दोस्ता,

फोनवर तू माझ्या कॉम्प्युटरबद्दल विचारलंस, "झालं का बे मशीन?" पण माग चालू होते, धड बोलणं होईना. म्हणून हे पत्र.

अण्णांची डिस्क शाबूत आहे, हे आधी सांगून टाकतो. त्यांनी चादरींसाठी ग्राफवर काढलेल्या नक्ष्या मशीनमधल्या त्या दुसऱ्या डिस्कवरच उरल्या होत्या. मूळ कागद वाळवीनं खाल्ले.

महिनाभर मशीन सुरू व्हायला मिनिटाच्या वर लावत होतं. एखाद्या दिवशी तर दीड मिनिट थांबून थेट इमर्जन्सी मोडचा काळा पडदा. मला वाटलं, सर्व्हिसेस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्राम, जास्त झाले. लिनक्समध्ये कोणती सर्व्हिस किती वेळ खाते ते सांगणारी कमांड सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ ब्लेम बघत अख्खी संध्याकाळ एकेक सर्व्हिस बंद करत बसलो. काडीचा फरक नाही. पडणार कसा? ब्लेममध्ये कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, हिशेब येतच नाही. पुढचा शब्द न लावता नुसतं सिस्टमडी-अ‍ॅनालाइझ दिलं, तेव्हा कळलं की सगळा वेळ कर्नलमध्येच जातोय.

मग डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंदवही, उघडलं. डावीकडचे सेकंद बघ: ३, मग थेट १३, २३, आणि ५८! प्रत्येक उडीला तेच, 'लिंक इज स्लो टू रिस्पॉन्ड', खाली 'कॉमरिसेट फेल्ड'. कर्नल डिस्कला हाक मारतो, १० सेकंद वाट बघतो, पुन्हा १०, मग ३५. शेवटी वेग ३ गिगाबिटवरून दीडवर उतरवून आणखी ५. त्या हाकेला ओ आली तर ठीक. नाही आली, तर एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत, नाव असल्यामुळे सर्व्हिसेस सुरू करणारा सिस्टमडी तिच्यासाठी ९० सेकंद खोळंबतो आणि मग हात टेकतो.

खरं सांगतो, ते वाचून पोटात गोळा आला. मशीनला डिस्क सापडली त्या दिवशी आधी सगळ्या नक्ष्या दुसरीकडे उतरवल्या, मगच डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवलं. ५ नंबरचे बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे कप्पे, शून्य, १९७ चे अडकलेले सेक्टरही शून्य. पण १९९, म्हणजे सीआरसी चुकांचा आकडा, हजाराच्या पुढे. म्हणजे डिस्क ठणठणीत, माहिती वाटेत बिघडत होती.

कॅबिनेट उघडलं. सुताचे तंतू सगळीकडे. ते फुंकरीनं बाजूला केले, तर डिस्कला जोडणाऱ्या लाल साटा केबलच्या टोकाची पत्र्याची क्लिप तुटलेली, कनेक्टर केसभर बाहेर. शेजारच्या खोलीत माग दिवसभर आपटतात, हादरा टेबलापर्यंत येतो. नवी पेठेतून क्लिपवाली केबल आणली, पोर्टही बदललं, कॅबिनेटखाली जुनी चादर घडी करून ठेवली. आता कर्नल ४ सेकंदांत मोकळा होतो. १९९ चा आकडा कधी कमी होत नसतो, वाढतो का एवढंच बघायचं. आठवडा झाला, आहे तिथंच आहे.

एफएसटॅबमध्ये नोफेलही, म्हणजे 'डिस्क नसली तरी पुढे जा', टाकलंय, पण केबल बसवल्यावर. आधी टाकलं असतं तर इमर्जन्सी मोडचा पडदा आलाच नसता आणि डिस्क गायब आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

भाऊजी रविवारी हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला येतायत. त्यांच्याकडे शेंगाचटणी आणि पेनड्राइव्ह देतोय, एक प्रत तुझ्याकडे ठेव. त्यातली मोराची नक्षी उघड. कोपऱ्यात अण्णांनी पेन्सिलीनं सुताच्या रंगाचा नंबर लिहिलाय, ३ आहे की ८, मला लागत नाही. त्यांचं अक्षर तुला जास्त कळायचं.

तुझाच