मुलांचा एक्स-रे संगणकावर सोडू नका

महोदय,

क्षयरोग शोधमोहिमेत हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे आता वाड्यावस्त्यांवर जाऊ लागली आहेत. फिल्म निघाली की संगणकच तिचा निष्कर्ष सांगतो. तालुक्याला रेडिऑलॉजिस्ट नसताना ही सोय मोलाचीच आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा संगणकीय वाचनाची शिफारस केली, ती १५ वर्षे आणि त्यावरील वयासाठी. शिबिरात मुलाला घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या आईला हे कोणी सांगत नाही.

मुलांचा क्षय वेगळा दिसतो. मोठ्यांत बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग किंवा पोकळी सापडते. मुलांत फुप्फुसाच्या मुळाशी गाठी सुजतात आणि त्या हृदयाच्या सावलीत झाकल्या जातात. समोरच्या फिल्ममध्ये न दिसलेली गाठ कधी कधी बाजूने काढलेल्या फिल्ममध्ये सापडते. ती दुसरी फिल्म काढतो कोण?

नसलेला आजार दिसण्याची चूकही तेवढीच होते. मी ग्रामीण रुग्णालयात क्ष-किरण तंत्रज्ञ होतो. रडणाऱ्या बाळाने श्वास सोडला आणि नेमके त्याच क्षणी बटण दाबले गेले, तर निरोगी फुप्फुसेही पांढुरकी येतात. मूल जरा तिरके झाले की एक बाजू गडद दिसते. गळ्यातला ताईत, स्वेटरचे बटण, मुलीची ओली वेणी, सगळ्यांची सावली पडते. तान्ह्या बाळाची छातीतली थायमस ग्रंथी मुळातच मोठी असते. नवख्याला ती गाठ वाटते. अशा फिल्मवर ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’, म्हणजे मुलांचा प्राथमिक क्षय, असे लिहिले गेले की सहा महिन्यांची औषधे सुरू होतात. वजन वाढत नाही, सारखा खोकला येतो आणि फिल्मवर थोडे पांढरे आहे, एवढ्यावर हा कोर्स घेतलेली मुले आपल्या ओळखीपाळखीत निघतील. त्यांतल्या एखाद्याला खरे तर दमा असतो आणि त्याचा पंप तेवढा राहून जातो.

म्हणून एक्स-रे नको, असे मुळीच नाही. लहान मुले थुंकी काढू शकत नाहीत, गिळून टाकतात. सकाळी उपाशीपोटी नळीने काढलेले जठरातले पाणी किंवा शौचाचा नमुना सीबीनॅटवर, म्हणजे क्षयजंतूची जनुके शोधणाऱ्या यंत्रावर, तपासता येतो, पण जंतू कमी असल्याने अहवाल अनेकदा निगेटिव्ह येतो. मग सगळा भार फिल्मवर येतो. सौम्य क्षय असलेल्या मुलांना सहाऐवजी चार महिन्यांचा उपचार पुरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये सांगितले. आजार सौम्य आहे की नाही, हेही बरेचसे फिल्मवरूनच ठरते.

किरणांच्या भीतीने पालक एक्स-रे टाळतात, तेही योग्य नाही. छातीच्या एका फिल्मचे किरण अत्यल्प असतात, सीटी स्कॅनचे कितीतरी पट अधिक. धोका वाढतो तो फिल्म बिघडून पुन्हा पुन्हा काढल्याने.

शासनाने मुलांची प्रत्येक संशयित फिल्म वैद्यकीय महाविद्यालयातल्या बालरोगतज्ज्ञ व रेडिऑलॉजिस्टकडे ऑनलाइन पाठवण्याची सक्ती करावी. सीबीनॅटचा नमुना घेतल्याशिवाय केवळ फिल्मवर कोर्स सुरू करू नये. मूल अत्यवस्थ असेल तर गोष्ट वेगळी. तंत्रज्ञांना मुलांची फिल्म काढण्याचे स्वतंत्र प्रशिक्षण द्यावे, आणि मूल धरून उभ्या राहणाऱ्या आईसाठी शिशाचा एप्रन प्रत्येक केंद्रात असावा. आई गरोदर असेल तर मूल दुसऱ्या कोणी धरावे.

— एक निवृत्त क्ष-किरण तंत्रज्ञ, जि. नाशिक