फ्रेमच्या पाठीवरील चार ओळींसाठी

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ या मालिकेवरचे माझे स्क्रीनप्रिंट पोस्टर आपण केलेल्या फ्रेममध्ये आता बैठकीच्या खोलीत लागले आहे. आभार तोंडी मानले होते, पण तेवढ्याने समाधान होईना, म्हणून हे जाहीर पत्र.

न्यूयॉर्कमधल्या स्टेटन आयलंडवरच्या जुनाट घरात शतकानुशतके जगणाऱ्या रक्तपिपासूंची ही विनोदी मालिका २०१९ ते २०२४ या काळात सहा पर्वे चालली, आणि तिचे चित्रीकरण आपल्या टोरंटोत झाले, त्यामुळे तिच्याविषयी मला घरच्यासारखा जिव्हाळा आहे. ते पोस्टर ज्या दुकानात मी आधी विश्वासाने दिले, तेथे ते सेलोटेपने पुठ्ठ्यावर डकवले गेले, काच थेट शाईला टेकवली गेली आणि कडेला पेन्सिलीने लिहिलेला प्रतीचा क्रमांक व चित्रकाराची सही माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, गडप झाली. तक्रार केल्यावर ‘पोस्टरच तर आहे’ असे उत्तर मिळाले. प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी तयार करून, एक रंग वाळल्यावर दुसरा नेमक्या जागी बसवत ज्याची मोजक्याच प्रतींची छपाई होते, त्या कलाकृतीविषयी फ्रेमचा व्यवसाय करणाऱ्याने असे बोलावे, याचा राग अजून गेलेला नाही.

आपण पोस्टर हाती घेताच दिवा तिरपा धरलात आणि काळ्या शाईचा किंचित उंचावलेला थर मला दाखवलात. त्या क्षणीच मी निर्धास्त झालो. चिकटपट्टी कशी सोडवली, काच कशी दूर ठेवली, हे आपले कसब. त्यावर मी काय बोलणार? क्रमांक आणि सही पुन्हा दिसू लागली, याचाही आनंद आहेच. पण मन भरून आले ते वेगळ्याच गोष्टीने. फ्रेम बंद करण्यापूर्वी पोस्टर कशाने बसवले आहे, हे सांगणाऱ्या चार ओळी आपण मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहिल्यात: जपानी कागदाच्या पट्ट्या, गव्हाची खळ, पट्ट्या फक्त वरच्या कडेला, पाण्याने सुटतील. हे कोणासाठी, असे मी विचारले, तेव्हा आपण म्हणालात, “पुढे जो उघडेल त्याच्यासाठी.”

ज्याला आपण कधी भेटणार नाही, ज्याच्याकडून एक डॉलरही मिळणार नाही, त्या माणसाची अडचण आपण आधीच ओळखून दूर केलीत. त्या मालिकेतला रक्तपिपासूंचा सेवक गिलेर्मो वर्षानुवर्षे मालकांच्या मागे राहून पडदे ओढतो, घर आवरतो, आणि त्याची दखल क्वचितच घेतली जाते. मला तो सर्वांत जवळचा वाटतो, कारण जगातली पुष्कळशी कामे अशाच माणसांच्या नेकीवर चालतात आणि त्यांचे आभार मानायचे राहून जाते. निदान आपल्या बाबतीत तरी ते राहू नयेत.

माझी आणखी काही स्क्रीनप्रिंट अजून नळकांड्यांत गुंडाळून ठेवलेली आहेत. त्यांच्या फ्रेमही आपल्याच हातून व्हाव्यात, ही विनंती. आपल्या सवडीने, मला अजिबात घाई नाही.

आपला ऋणी,
टोरंटोतील एक संग्राहक