दिव्यांग मुलींना कुणी विचारते का?

दहावीचा निकाल लागला की करिअर मार्गदर्शनाचे मेळावे भरतात. माझ्या कर्णबधिर मुलीला घेऊन मी अशाच एका मेळाव्याला गेले. सांकेतिक भाषेचा दुभाषी नव्हता. समुपदेशकांनी तिच्याकडे न पाहता मलाच सांगितले, ‘शिवणकाम शिकवा.’ शिवणकाम वाईट नाही. पण तिला संगणकावर घरांचे आराखडे काढायला आवडतात, हे कुणी विचारलेच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. तिथवर पोहोचायची तयारी मात्र आठवी-नववीपासूनच हवी. एकटीने बसप्रवास, बँकेचे व्यवहार, मुलाखतीचा सराव हे शाळेतच शिकवावे. आणि पुढच्या मेळाव्याला दुभाषी जरूर बोलवावा.

– एक आई, सातारा